नागरिकांची माहिती सांभाळायची कशी: राज्य शासनाच्या विभागांसाठी कामाची पद्धत

उत्पन्नाच्या दाखल्यापासून शिष्यवृत्तीपर्यंत कोणत्याही सेवेसाठी अर्ज करताना माणूस आपले नाव, जन्मतारीख, जात, उत्पन्न, आधार क्रमांक, बँक खाते, मोबाइल आणि फोटो एकाच वेळी शासनाच्या हवाली करतो. भामट्याला याहून सोयीचा साठा मिळणे कठीण.

राज्याच्या डेटा सेंटरमधल्या मुख्य डेटाबेसमध्ये हा साठा तुलनेने सुरक्षित असतो. तिथे फायरवॉल असते, दारावर नोंद होते, लक्ष ठेवायला माणसे असतात. अहवालासाठी काढलेली एक्सेल, चाचणीच्या सर्व्हरवर उतरवलेला खरा डेटा, कंत्राटदाराच्या लॅपटॉपवरचा बॅकअप यांना यातले काहीच नसते. म्हणून इथला क्रम उपकरणांच्या खरेदीपासून नाही, प्रतींच्या शोधापासून सुरू होतो. खरेदीची निविदा काढणे सोपे वाटते, प्रती शोधणे कंटाळवाणे असते. त्यामुळेच ते राहून जाते.

कायद्याचे तेवढे लक्षात ठेवावे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७०-ब खाली सर्ट-इन ही सायबर सुरक्षेची केंद्रीय यंत्रणा काम करते. तिचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश शासकीय कार्यालयांनाही बंधनकारक आहेत. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा असून त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यातली सुरक्षेची आणि गळती कळवण्याची मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. अनुदान, दाखला, परवाना यांसाठी शासनाला नागरिकाची माहिती वापरण्याची वाट कायद्याने मोकळी ठेवली आहे, पण ती सुरक्षित ठेवण्यातून सूट दिलेली नाही. पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

प्रतींची नोंदवही

एक साधा तक्ता करा. रकाने सात: माहितीचा प्रकार, ती कुठे आहे, प्रत कोणी काढली, कशासाठी, कोणाला दिसते, कधी नष्ट करायची, जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम. व्यक्तीचे नाव लिहू नका, बदली झाली की नोंद मरते.

मग शोधायला निघा. मुख्य डेटाबेस आणि त्याचे बॅकअप सगळ्यांनाच आठवतात. विसरल्या जाणाऱ्या जागा वेगळ्या असतात: ऑपरेटरच्या संगणकावरचे डाउनलोड फोल्डर, ई-मेलच्या जोडपत्रांचा ढीग, कार्यालयाचे व्हॉट्सॲप ग्रुप, योजना बंद झाल्यावरही चालू राहिलेले पोर्टल, जिल्ह्याला पाठवलेल्या पेन ड्राइव्ह. मोठ्या झेरॉक्स यंत्रांमध्येही हार्ड डिस्क असते आणि स्कॅन केलेल्या कागदांची प्रतिमा तिच्यात राहू शकते. यंत्र भाड्याचे असेल तर परत देण्यापूर्वी ती डिस्क पुसून घेण्याची किंवा काढून ठेवण्याची अट करारातच हवी.

आधार क्रमांक असलेल्या फायली यंत्राने शोधता येतात. आधार १२ अंकी असतो, पहिला अंक ० किंवा १ नसतो आणि शेवटचा अंक वेऱ्हूफ पद्धतीने काढलेला पडताळणी अंक असतो. नुसते १२ अंक शोधले तर बँक खाती आणि पावती क्रमांकही सापडतात. पडताळणी अंक तपासला की असे साधारण दहापैकी नऊ आकडे आपोआप गळतात. चार-चार अंकांत जागा सोडून लिहिलेले क्रमांक आणि देवनागरी अंकांत लिहिलेले क्रमांकही शोधात घ्या. बाहेरून आणलेली तयार साधने देवनागरी अंक बरेचदा ओळखत नाहीत, आधी पाच-दहा खोट्या नोंदींवर तपासून पाहा. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधल्या फायलींत नावे शोधून सापडत नाहीत आणि स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये तर मजकूरच नसतो. त्या फायली वेगळ्या काढून माणसाने पाहाव्या लागतात.

सापडलेल्या प्रत्येक प्रतीबद्दल एकच प्रश्न विचारा: ही आज नष्ट केली तर कोणते काम अडेल? उत्तर मिळाले नाही तर अभिलेखांचे नियम पाहून ती नष्ट करा. चाचणीच्या सर्व्हरवर खरा डेटा कधीच नको. नावे आणि क्रमांक बनावट टाकले तरी चाचणी होते. चाचणी सर्व्हरचा पासवर्ड मात्र सोपाच असतो, हेही तितकेच खरे.

संकेतस्थळावर लावायच्या याद्या

शासकीय माहिती उघड होण्याच्या या प्रकारात हॅकर लागतच नाही. लाभार्थ्यांची यादी कार्यालय स्वतःच संकेतस्थळावर चढवते आणि त्यात आधार, खाते क्रमांक, मोबाइल सगळे असते. आधार कायद्याच्या कलम २९(४) नुसार नियमांतले अपवाद सोडता आधार क्रमांक जाहीर करता येत नाही.

पारदर्शकतेसाठी यादी लागतेच. गावात कोणाला लाभ मिळाला हे लोकांना कळले पाहिजे. त्यासाठी नाव, गाव, योजना, मंजूर रक्कम आणि अर्ज क्रमांक पुरतात. ओळख पटवायला फार तर आधारचे शेवटचे ४ अंक द्या. त्यातही सावधानता हवी: एका यादीत आधारचे पहिले ८ अंक झाकले आणि दुसऱ्या विभागाने शेवटचे ४ झाकले, तर दोन्ही याद्या शेजारी ठेवणाऱ्याला पूर्ण क्रमांक मिळतो. झाकण्याची पद्धत सगळ्या विभागांत एकच ठेवा. आजार, अपंगत्व, अत्याचारपीडितांसाठीची मदत अशा योजनांत नुसते नावही घातक असते. तिथे गावनिहाय संख्या द्या.

फाईल तयार करतानाच्या तीन चुका पुन्हा पुन्हा होतात. एक्सेलमधला रकाना लपवला म्हणजे तो गेला असे नाही, उजव्या क्लिकने तो परत दिसतो. पीडीएफमधल्या क्रमांकावर काळी पट्टी ओढली तर खालचा मजकूर तसाच राहतो आणि कॉपी करून बाहेर येतो. एक्सेलमधला आलेख वर्डमध्ये चिकटवताना कधी कधी अख्खे वर्कबुक आत शिरते. खात्रीचा मार्ग असा: लागणारे रकाने तेवढेच डेटाबेसमधून नव्याने काढा, नवी फाईल करा, तिची पीडीएफ करा. मग ती दुसऱ्या व्यक्तीने उघडून सगळा मजकूर निवडून नोटपॅडमध्ये चिकटवून पाहावा. नोटपॅडमध्ये जे दिसले ते जगाला दिसणार.

चुकीची यादी काढून टाकली तरी काम संपत नाही. शोधयंत्राच्या साठवलेल्या प्रतीतूनही ती काढण्याची विनंती करावी लागते. सर्व्हरवरचे फोल्डर उघडे असेल तर दुव्याशिवायही फायली सापडतात, त्यामुळे फोल्डरची यादी दाखवण्याची सोय बंद करा.

आधार साठवण्याची योग्य रीत

आधार प्राधिकरणाने २०१७ मध्ये आधार डेटा व्हॉल्टची पद्धत बंधनकारक केली. तिचे तत्त्व सोपे आहे. आधार क्रमांक एकाच वेगळ्या, सांकेतिक (एन्क्रिप्ट) केलेल्या साठ्यात राहतो. बाकी सगळ्या तक्त्यांत त्याच्या जागी एक संदर्भ क्रमांक असतो आणि त्यावरून आधार काढता येत नाही. सांकेतिक किल्ली एचएसएम या खास उपकरणात राहते, सर्व्हरच्या फोल्डरमध्ये नाही.

इथे एक पळवाट वापरली जाते. आधारचा साधा हॅश, म्हणजे ठरलेल्या गणिती सूत्राने काढलेली खूण, काढून तोच संदर्भ म्हणून साठवतात आणि हॅश उलटा फिरवता येत नाही असे टिपणीत लिहितात. उलटा फिरवायची गरजच नसते. पहिल्या अंकाला ८ पर्याय, मधले दहा अंक मोकळे आणि शेवटचा ठरलेला, म्हणजे एकूण शक्यता ८ हजार कोटी. सेकंदाला शेकडो कोटी हॅश काढणारे ग्राफिक्स कार्ड आज बाजारात मिळते, ते या सगळ्या शक्यता फार तर काही मिनिटांत तपासून संपवते. मोबाइल क्रमांकाच्या तर ४०० कोटीच शक्यता. म्हणून संदर्भ क्रमांक यादृच्छिक हवा. दोन नोंदी जुळवण्यासाठी हॅशच लागत असेल तर तो गुप्त किल्लीसह काढलेला आणि किल्ली एचएसएममध्ये असलेला हवा.

डिस्क सांकेतिक केली की डेटा सांकेतिक झाला, हा दुसरा गैरसमज. चालू सर्व्हरवर डिस्क उघडलेलीच असते. कोणी डिस्क उचलून नेली तर त्या कुलपाचा उपयोग होतो, पोर्टलमधल्या भगदाडातून शिरणाऱ्याला ते आडवे येत नाही. आधार, खाते क्रमांक, आरोग्याची माहिती हे रकाने वेगळे सांकेतिक करावे लागतात.

खाती, बदल्या आणि डोंगल

कार्यालयात एकच लॉगिन चारजण वापरत असतील तर पुढचे सगळे उपाय पोकळ ठरतात, कारण कोणी काय केले हे कधीच सिद्ध होणार नाही. प्रत्येकाला स्वतःचे खाते द्या. ॲडमिन खात्यांना, व्हीपीएनला (बाहेरून कार्यालयाच्या जाळ्यात येण्याची सुरक्षित वाट) आणि शासकीय ई-मेलला पासवर्डखेरीज ओळखीचा दुसरा घटक सक्तीचा करा. एसएमएसच्या ओटीपीपेक्षा ऑथेंटिकेटर ॲप बरे, त्याहून संगणकाला लावायची सुरक्षा किल्ली (छोटे उपकरण) बरी.

बदलीच्या वेळी होणारी चूक ठरलेली असते. माणूस नव्या जागी रुजू होतो, जुन्या कार्यालयातले त्याचे अधिकार तसेच राहतात आणि तीन बदल्यांनंतर त्याला तीन तालुक्यांचा डेटा दिसतो. उपाय तांत्रिक कमी आणि आस्थापनेचा जास्त: कार्यमुक्तीच्या आदेशाची प्रत खाते सांभाळणाऱ्या कक्षाला त्याच दिवशी गेली पाहिजे आणि ना-देय प्रमाणपत्रात ‘लॉगिन बंद केले’ अशी ओळ हवी. कंत्राटी ऑपरेटरच्या खात्यावर कराराच्या शेवटच्या दिवसाची तारीख आधीच टाका, म्हणजे ते आपोआप बंद होईल. दर ९० दिवसांनी खात्यांची यादी पगारपत्रकाशी ताडून पाहा.

अधिकाऱ्याच्या डिजिटल सहीचे डोंगल ऑपरेटरच्या टेबलावर आणि पिन कीबोर्डखाली, हे चित्र अनेकांच्या ओळखीचे आहे. दिवसाला दोनशे दाखल्यांवर सही करायची असेल तर तो मोह समजतो. पण त्या सहीने निघालेला बोगस दाखला कायद्याने अधिकाऱ्याचाच ठरतो. कामाचा भार खरा असेल तर एकत्रित सहीची सोय करून घ्या: यादी अधिकाऱ्याने स्वतः पाहायची, डोंगल स्वतः लावायचे, पिन स्वतः टाकायचा, सत्र संपले की डोंगल काढून घ्यायचे. डोंगल हरवले तर प्रमाणपत्र त्याच दिवशी रद्द करून घ्या.

पोर्टलमधली भगदाडे

सर्वात आधी ही चाचणी करा, तिला पाच मिनिटे लागतात. एका अर्जदाराच्या खात्याने आत या, स्वतःचा दाखला उघडा आणि पत्त्याच्या पट्टीतला अर्ज क्रमांक एकाने वाढवा. दुसऱ्याचा दाखला दिसला तर पूर्ण डेटाबेस उघडा आहे, कारण हेच काम छोटी आज्ञावली रात्रभर करू शकते. क्रमांक लांबलचक केल्याने चोर सावकाश होतो, थांबत नाही. प्रत्येक विनंतीच्या वेळी हा दस्तऐवज मागणाऱ्याचाच आहे का हे सर्व्हरने तपासलेच पाहिजे.

ओटीपीची तपासणीही तशीच. चार अंकी ओटीपीच्या १०,००० शक्यता असतात. प्रयत्नांवर मर्यादा नसेल तर त्या काही मिनिटांत संपतात. सहा अंक, पाच चुकीचे प्रयत्न आणि थोडक्या मिनिटांची मुदत ठेवा. सर्व्हरने ब्राउझरला पाठवलेल्या उत्तरात ओटीपीच लिहिलेला नाही ना, हेही पाहा. हसू येईल, पण असे पोर्टल सापडतात.

फोटो चढवण्याच्या जागी फोटोच जातो का, की कार्यान्वित होणारी फाईलही जाते? चढवलेल्या फायलींच्या फोल्डरमधून काहीही चालवण्याची परवानगी काढून टाका आणि फाईलचे नाव सर्व्हरने नव्याने द्यावे.

सुरक्षा लेखापरीक्षण सर्ट-इनच्या यादीवरील संस्थेकडून वर्षातून किमान एकदा करून घ्यावे लागते. त्यातली खरी मेख वेगळी आहे. प्रमाणपत्र तपासलेल्या आवृत्तीपुरते असते आणि कंत्राटदार पुढच्याच आठवड्यात नवी आवृत्ती चढवतो. तपासलेल्या फायलींचा हॅश प्रमाणपत्रासोबत घ्या आणि चालू सर्व्हरवरच्या फायलींशी दर महिन्याला जुळवा. निविदेत चार अटी हव्यात: त्रुटी दुरुस्त करून फेरतपासणी होईपर्यंत देयक नाही, सोर्स कोड विभागाच्या ताब्यात, ॲडमिन पासवर्ड सीलबंद स्वरूपात विभागाकडे, आणि करार संपल्यावर डेटा परत दिल्याचा व पुसल्याचा लेखी दाखला.

अद्ययावतन आणि जाळ्याची विभागणी

वॉनाक्राय हा डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा संगणकी विषाणू (रॅन्समवेअर) १२ मे २०१७ ला जगभर पसरला. तो ज्या त्रुटीतून शिरला तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. दोन महिने ती न बसवलेल्या संगणकांत आंध्र प्रदेश पोलिसांचे संगणकही सापडले. इंटरनेटवर उघड्या असलेल्या सर्व्हरची गंभीर दुरुस्ती काही दिवसांत बसली पाहिजे, बाकीच्यांची महिन्यात. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. असे संगणक बदलता येत नसतील तर निदान त्यांना इंटरनेट आणि डेटाबेस दोन्ही एकाच वेळी दिसू देऊ नका.

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयावर हल्ला झाला. संसदेत दिलेल्या माहितीनुसार पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट डेटा कुलूपबंद झाला आणि जाळ्याची विभागणी नीट नसणे हे कारण निघाले. विभागणी म्हणजे काय ते कागदावर तपासता येते: टपाल शाखेतल्या संगणकावरून डेटाबेस सर्व्हरचा पत्ता पोहोचतो का? पोहोचत असेल तर विभागणी नाही. डेटाबेसशी बोलण्याची मुभा फक्त ॲप्लिकेशन सर्व्हरला हवी.

बॅकअप

तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. यात आता चौथी अट घालावी लागते: एक प्रत अशी हवी की ठरावीक मुदतीत ती ॲडमिनलाही पुसता येणार नाही. रॅन्समवेअर टोळ्या आधी बॅकअप शोधतात. बॅकअप सर्व्हर कार्यालयाच्या त्याच डोमेनमध्ये आणि त्याच ॲडमिन पासवर्डवर असेल तर तो सर्वात आधी जातो.

बॅकअप सांकेतिकही असला पाहिजे. अमेरिकेतील साऊथ कॅरोलिना राज्याच्या महसूल खात्यातून २०१२ मध्ये ३६ लाखांच्या आसपास सामाजिक सुरक्षा क्रमांक चोरीला गेले. सुरुवात एका फसव्या ई-मेलमधून चोरलेल्या पासवर्डने झाली, दुसरा घटक नव्हता, आणि क्रमांक सांकेतिक केलेले नव्हते.

पुनःस्थापनेचा सराव वर्षातून दोनदा करा आणि घड्याळ लावून करा. १० टेराबाइट डेटा १ गिगाबिटच्या जोडणीवरून परत आणायला, लाइन पूर्ण मोकळी मिळाली तरी, २२ तास लागतात. ‘दोन तासांत सेवा पूर्ववत’ असे लिहून दिलेले असेल तर हा हिशेब आधीच मांडलेला बरा. डेटाबेस परत आला पण सांकेतिक किल्ली जुन्या सर्व्हरसोबत गेली, हा सरावात सापडणारा नेहमीचा घोळ. किल्लीची स्वतंत्र प्रत दोन अधिकाऱ्यांच्या संयुक्त ताब्यात ठेवा.

लॉग

सर्ट-इनच्या निर्देशांनुसार लॉग, म्हणजे यंत्रणेत कोणी कधी काय केले याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, १८० दिवस ठेवायचे आहेत. डेटा संरक्षण नियमांत ही मुदत एक वर्षाची आहे, त्यामुळे वर्षाचाच हिशेब धरा. सेकंदाला १,००० नोंदी आणि प्रत्येक नोंद ५०० बाइटची धरली तर रोज ४३ गिगाबाइट होतात, वर्षाला १६ टेराबाइटच्या आत. लॉग चांगले दाबले जातात, प्रत्यक्ष जागा याच्या बरीच कमी लागते.

लॉग मूळ सर्व्हरवरच ठेवले तर घुसखोर ते पुसतो, म्हणून लगेच दुसरीकडे पाठवा. सगळी घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवा. एक सर्व्हर भारतीय वेळेत आणि दुसरा जागतिक वेळेत लिहीत असेल तर साडेपाच तासांचा फरक तपासात गोंधळ घालतो. लॉगमध्ये पासवर्ड, ओटीपी किंवा पूर्ण आधार उमटत नाही ना हे पाहा, नाहीतर आणखी एक प्रत तयार झाली. सूचना मोजक्याच ठेवा: एका खात्याने तासात नेहमीच्या दहापट नोंदी पाहिल्या, रात्री दोन वाजता मोठी निर्यात झाली, नवे ॲडमिन खाते तयार झाले. शंभर सूचना ठेवल्या की कोणीच एकही पाहत नाही.

पहिले सहा तास

घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला कळवायचे असते. टोल फ्री क्रमांक १८००-११-४९४९. पूर्ण माहिती हाताशी नसली तरी असेल तेवढी कळवा, उरलेली नंतर देता येते. मंत्रालयातून टिपणी मंजूर होऊन येईपर्यंत थांबायचे ठरवले तर सहा तास संचिकेतच जातात. म्हणून कळवण्याचे अधिकार नोडल अधिकाऱ्याला आधीच लेखी द्या.

१. बाधित संगणकाची नेटवर्क केबल काढा, वाय-फाय बंद करा. वीज बंद करू नका, मेमरीतला पुरावा जातो.

२. बॅकअपची जोडणी तोडा.

३. फॉरमॅट करू नका. ‘सिस्टिम परत चालू करा’ असा दबाव पहिल्या तासातच येतो आणि फॉरमॅट झाल्यावर चोर कुठून आला ते कळत नाही. तो त्याच वाटेने परत येतो.

४. वेळ, कोणी काय पाहिले, काय केले हे कागदावर लिहा. ई-मेलवर चर्चा नको, घुसखोर ती वाचत असू शकतो.

५. सर्ट-इन, राज्याचा मुख्य माहिती सुरक्षा अधिकारी आणि सायबर पोलिसांना कळवा.

६. डिस्कची हुबेहूब प्रत (इमेज) घ्या, तिचा हॅश नोंदवा, मग दुरुस्तीला लागा.

७. स्वच्छ सर्व्हरवर नव्याने उभारणी करा. पासवर्ड आणि किल्ल्या बदला, जुन्या सर्व्हरवर बदललेले पासवर्ड पुन्हा चोरीला जातात.

वैयक्तिक माहिती फुटली असेल तर डेटा संरक्षण मंडळाला आणि संबंधित नागरिकांनाही विनाविलंब कळवायचे आहे, मंडळाला सविस्तर अहवाल ७२ तासांत. नागरिकाला जाणारी सूचना मराठीत आणि छोटी असावी: कोणती माहिती गेली, कधी, त्याचा गैरवापर कसा होऊ शकतो, विभागाने काय केले, त्याने स्वतः काय करावे आणि विचारणा कुठे करावी. आधार गेला असेल तर बायोमेट्रिक लॉक करण्याचे टप्पे द्या, खाते क्रमांक गेला असेल तर पैसे गेल्यास १९३० वर लगेच फोन करायला सांगा. सूचनेच्या एसएमएसमध्ये दुवा टाकू नका. गळतीनंतर काही तासांत तशाच दिसणाऱ्या बनावट दुव्यांचे संदेश फिरू लागतात आणि नागरिकाला दोन्हींतला फरक कळत नाही.